दिवा मंद करण्याची खटपट

भिंतीवरचे गोल बटन फिरवून दिवा कमी-जास्त करण्याची सोय आता अनेक दिवाणखान्यांत दिसते. तिच्याबद्दलची तक्रारही ठरलेली आहे. पिवळा बल्ब काढून एलईडी लावला, की तो लुकलुकतो, गुणगुणतो, अर्ध्यावरच विझतो. एखादा तर बंद केल्यावरही मिणमिणत राहतो. दुकानदाराकडून बदलून आणलेला दिवाही तसाच वागतो. बटन एका काळाचे आणि दिवा दुसऱ्या काळाचा, हे खरे दुखणे आहे.

उजेड मंद करण्याची निकड आधी भासली ती नाटकवाल्यांना. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ साली जोसेफ स्वानचे सुमारे बाराशे विजेचे दिवे लागले. रंगमंचावरचे दिवे मंद करायचे, तर विजेच्या वाटेत तारेचा अडसर घालावा लागे. काही नाट्यगृहांत मिठाच्या पाण्याच्या पिंपात धातूचे पत्रे खाली-वर करत. उजेड कमी होई. पण अडवलेली वीज उष्णता होऊन वाया जाई. आपल्याकडचा पंख्याचा जुना, हाताला गरम लागणारा रेग्युलेटर याच जातीचा. पंखा हळू फिरवून बिलात फारशी बचत का होत नसे, याचे उत्तर त्या गरम डब्यात होते.

घरातल्या भिंतीच्या पेटीत मावेल असा डिमर अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी केला. १९५९ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६१ मध्ये ल्युट्रॉन ही कंपनी काढली. पुढे ट्रायॅक नावाचा चिमुकला अर्धवाहक आला आणि डिमर स्वस्त झाला. ट्रायॅक वीज अडवून धरत नाही, तिचे तुकडे करतो. आपल्या घरातल्या विजेची लाट सेकंदाला ५० वेळा, म्हणजे अर्ध्या लाटा मोजल्या तर १०० वेळा येते. प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग ट्रायॅक गाळतो आणि उरलेला पुढे सोडतो. बल्बमधली तार तापलेली असते. वीज क्षणभर तुटली तरी ती निवत नाही, म्हणून डोळ्यांना खंड जाणवत नाही. डिमरची सारी रचना तारेच्या या स्वभावावर बेतलेली होती.

एलईडीत तापणारी तार नसतेच. आत एक छोटे विद्युतमंडळ असते, त्याला सलग लाट हवी असते. तुकड्या-तुकड्यांनी वीज आली की ते गोंधळते. शिवाय ट्रायॅक चालू राहायला थोडा तरी प्रवाह लागतो. साठ वॉटचे चार बल्ब २४० वॉट घेत. नऊ वॉटचे चार एलईडी अवघे ३६. जुन्या डिमरला एवढे ओझे पुरत नाही आणि तो मध्येच सुटतो.

तेव्हा आधी खोके वाचावे. त्यावर डिमेबल असे लिहिलेले नसेल, तर तो दिवा साध्या बटनासाठीच आहे. डिमरवर पूर्ण उजेडात ठेवला तरी तो लवकर बिघडू शकतो. डिमेबल दिवाही लुकलुकत असेल, तर डिमरला किमान किती वॉट लागतात ते पाहावे. त्याच फेरीत एक जुना तारेचा बल्ब ठेवला तर बहुधा लुकलुक थांबते. विजेची बचत मात्र त्या एका बल्बापुरती जाते. त्यापेक्षा एलईडीसाठी बनवलेला डिमर बरा. त्यातले बरेचसे लाटेचा सुरुवातीचा नव्हे, शेवटचा भाग गाळतात आणि ते एलईडीला अधिक मानवते. पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती करू नये.

उजेड कमी-जास्त करायचाच नसेल, तर मेन स्विच बंद करून वायरमनकडून ते गोल बटन काढवून घ्यावे आणि साधे बसवावे. तोच दिवा मग बहुतेक वेळा मुकाट्याने जळतो.