वेदनाशामक गोळी आणि दानाचें मूत्रपिंड

वेदना शमविण्याची विद्या फार जुनी. दुसऱ्याचें इंद्रिय शरीरांत रुजविण्याची विद्या मात्र कालपरवांची. या दोहोंचा एके ठिकाणीं विरोध येतो. तो कसा उघडकीस आला, हा इतिहास उद्बोधक आहे.

ता. २३ डिसेंबर १९५४ रोजीं बोस्टन येथें डॉ. जोसेफ मरे यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें व तें टिकलें. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं १९६५ सालीं मूत्रपिंडाचें व फेब्रुवारी १९६८ मध्यें हृदयाचें आरोपण केलें. हृदयाचा रुग्ण कांहीं तासांतच दगावला. हात कितीही कुशल असला, तरी जुळ्यांखेरीज इतरांचें शरीर परकें इंद्रिय नाकारतें, ही अडचण उरलीच होती. १९७८ पासून माणसांस देण्यांत आलेल्या सायक्लोस्पोरिननें ती पुष्कळ अंशीं दूर केली. टॅक्रोलिमस त्यामागून आलें.

परंतु मूत्रपिंडास रक्त पुरविणारी सूक्ष्म रोहिणी हीं औषधें आकुंचित करितात. इकडे १९७१ सालीं जॉन व्हेन यांनीं दाखविलें कीं, ॲस्पिरिनसारखीं औषधें शरीरांतील प्रोस्टाग्लँडिन द्रव्यांची उत्पत्ति थांबवितात. या द्रव्यांनीं वेदना वाढते खरी. पण तीच रोहिणी मोकळी राखण्याचें कामही तींच करितात. म्हणून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक सायक्लोस्पोरिनच्या जोडीस आलें, कीं मूत्रपिंडास रक्त अपुरें पडतें. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचें मांस खाऊन गिधाडें मूत्रपिंड निकामी होऊन मेलीं, हें २००४ सालीं सिद्ध झालें. २००६ सालीं भारतानें तें औषध जनावरांसाठीं बंद केलें.

आरोपणानंतर किरकोळ दुखण्यास पॅरासिटामॉल हेंच पहिलें औषध मानितात. १९४८ सालीं ब्रॉडी व ॲक्सेलरॉड यांनीं त्याचे गुण नव्यानें उजेडांत आणिले. मात्र प्रमाण सुटल्यास यकृतास इजा होते. तीव्र वेदनेस अफूवर्गीय औषधें लागतात. तीं डॉक्टरांच्या देखरेखीखालींच.

पुण्यामुंबईस शस्त्रक्रिया करवून खंबाटकी घाटाखालच्या खंडाळ्यास परतलेल्या रुग्णानें अंग दुखतें म्हणून दुकानांतून कोणतीही गोळी आणूं नये. कित्येक मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन दडलेलें असतें, वेष्टन वाचावें. ताप किंवा आरोपणाच्या जागीं नवी वेदना हा तर इशाराच होय. तो गोळीनें दाबून न टाकतां डॉक्टरांस कळवावा. कोणा आप्तानें दिलेलें इंद्रिय एका गोळीपायीं गमावणें, याहून मोठी हानि ती कोणती?