सहा सिलिंडरांचा जमाखर्च

थोड्या पैशांत इंजिन वेगवान कसे बांधावे, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियातील ज्या तरुणांनी आपापल्या गॅरेजांत सोडवला, त्यांच्यापैकी बहुतेकांचा मूळ ऐवज म्हणजे फोर्डचे १९३२ साली निघालेले व्ही-आठ इंजिन होय, आणि म्हणून या हुन्नराचा इतिहास लिहिणारे सामान्यतः त्या इंजिनापाशीच रेंगाळतात. परंतु काटकसरीचे खरे शास्त्र पाहावयाचे असेल तर शेव्हरोलेच्या सरळ रांगेतील सहा सिलिंडरांच्या इंजिनाकडे वळले पाहिजे, कारण ते इंजिन मुळात काटकसरीच्याच पोटी जन्मले होते, आणि कारखान्याने जेथे जेथे पैसा वाचवला होता तेथे तेथे तो भरून काढण्याची पाळी त्याला पळवू पाहणाऱ्यावर येत असे.

फोर्डची चार सिलिंडरांची मॉडेल ए गाडी बाजारात येऊन जेमतेम वर्ष लोटले असेल, तोच १९२८ च्या अखेरीस शेव्हरोलेने चाराच्या किमतीत सहा सिलिंडर देण्याची घोषणा केली. १९२९ सालच्या गाड्यांत बसलेले हे १९४ घन इंचांचे इंजिन ओतीव लोखंडाचे, त्याचे दट्टेही लोखंडाचेच, आणि त्याचे खाचेचे बोल्ट चुलीच्या बोल्टांसारखे दिसत म्हणून अमेरिकन जनांनी त्याचे नाव ‘स्टोव्हबोल्ट’ असे पाडले. नाव थट्टेचे असले तरी इंजिन थट्टेचे नव्हते. सहा दट्टे एका रांगेत असले म्हणजे एकाचा हिसका दुसऱ्याच्या हिसक्याने तोलला जातो आणि यंत्र आपसूक शांत चालते. ही सुबत्ता चार सिलिंडरांच्या यंत्राला निसर्गतःच दुर्लभ. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच मुंबईस शिवडी येथे मोटारींच्या जुळणीचा कारखाना काढला असल्यामुळे, हे इंजिन पुढील वर्षांत आमच्याकडच्या रस्त्यांवरही परिचयाचे झाले.

१९३७ साली या इंजिनाची नव्याने आखणी होऊन ते २१६ घन इंचांचे झाले. मुख्य बेअरिंगे तिनाची चार झाली, शक्ती ८५ अश्वशक्तीपर्यंत गेली. पुढे ज्याला ज्याला बांधणीचा बेत करावयाचा होता त्याच्या पुढ्यात बहुधा हेच इंजिन असे, आणि म्हणून कारखान्याने त्यात काय वाचवले याचा ताळेबंद पाहणे अगत्याचे आहे. मुख्य बेअरिंगांना पंपाने तेल मिळे. कनेक्टिंग रॉडांच्या बेअरिंगांना मात्र ते तसे मिळत नसे. तळच्या पात्रात तेलाच्या पन्हळी होत्या, प्रत्येक रॉडच्या खालच्या टोकास एक लहानशी पळी होती, आणि रॉड फिरताना त्या पळीने जेवढे तेल उचलले जाई तेवढ्यावर त्या बेअरिंगाने निर्वाह करावयाचा. बेअरिंग म्हणजे तरी काय, तर रॉडमध्येच ओतून घासलेला व्हाइट मेटल. तो झिजला की पातळ पत्रे काढून फट कमी करावयाची, आणि तेही सरले की पुन्हा ओतावयाचा. बाजारहाट करणाऱ्या, डाक वाहणाऱ्या, खेड्यातून शहरात ये-जा करणाऱ्या गृहस्थाला यात काहीच न्यून दिसत नसे, आणि दिसावे तरी का? परंतु तेच इंजिन तासन् तास भरवेगाने पिटाळले की त्या जड लोखंडी दट्ट्यांचा मार रॉडच्या टोकावर बसे आणि व्हाइट मेटल तडकून वितळून जाई. तथापि या इंजिनाविषयी तुच्छतेने बोलणाऱ्यांनी एवढे स्मरावे की अर्जेंटिनाचा हुआन मान्युएल फान्जिओ, जो पुढे पाच वेळा जगज्जेता झाला, त्याने १९४० साली ब्युनोस आयरिसहून लिमा आणि लिमाहून परत अशी साडेनऊ हजार किलोमीटरांच्या आसपासची शर्यत सहा सिलिंडरांच्या शेव्हरोलेनेच जिंकली होती. अर्थात यंत्राची नाडी ओळखून पाय आवरण्याचे जे ज्ञान त्याला होते ते विकत मिळण्यासारखे नव्हते.

ज्यांना ते ज्ञान नव्हते आणि पैसाही नव्हता, त्यांच्या बेताचा क्रम बहुधा ठरलेला असे. प्रथम हेड उतरवून त्याचा तळ यंत्रावर छिलून घ्यावयाचा, म्हणजे दाबाचे प्रमाण वाढते; खर्च जुजबी, लाभ निश्चित. मग धुराड्याचा मॅनिफोल्ड मधोमध कापून त्याला दुसरे तोंड वेल्ड करावयाचे, म्हणजे तीन-तीन सिलिंडरांचा धूर वेगळ्या नळ्यांतून जातो. यात शक्ती किती वाढे याविषयी मतभेद होतील, आवाज मात्र निःसंशय वाढे, आणि विशीतल्या मुलाच्या लेखी आवाजाचेही काही मोल असते. तिसरी तजवीज एका कार्बुरेटरच्या जागी दोन किंवा तीन बसवण्याची. येथे मात्र कारखान्याची काटकसर आडवी येई. कारण सहा सिलिंडरांना हवा आत घेण्यासाठी हेडमध्ये वाटा तीनच होत्या, दोन बिऱ्हाडांना एक नळ असावा तशा, आणि बाहेर कितीही कार्बुरेटर टांगले तरी आत शेजाऱ्याशी भांडण चुकत नसे. महायुद्धानंतरच्या वर्षांत वेन हॉर्निंग याने शेव्हरोले आणि जीएमसी इंजिनांसाठी बारा वाटांचे हेड ओतून, प्रत्येक झडपेला स्वतंत्र मार्ग देऊन, हा प्रश्न मुळाशीच सोडवला. हे काम यंत्रशास्त्राच्या दृष्टीने वाखाणण्यासारखे होते यात शंका नाही. पण ज्याने असे हेड विकत घेतले त्याच्या अंदाजपत्रकाला काटकसरीचे म्हणण्यात अर्थ उरला नाही, असे आमचे मत आहे.

काटकसरीचा राजमार्ग निराळाच होता, आणि तो खुद्द कारखान्यानेच नकळत बांधून ठेवला होता. एकाच साच्यातून मोटारी व मालट्रक दोहोंची इंजिने काढण्याची शेव्हरोलेची रीत असल्यामुळे, १९४१ पासून ट्रकांत येऊ लागलेले २३५ घन इंचांचे इंजिन बाहेरून जवळपास २१६ सारखेच होते; १९५३-५४ मध्ये त्याच २३५ ला सर्वत्र दाबाने तेल पुरवण्याची व्यवस्था, बदलता येणारी बेअरिंगे आणि अ‍ॅल्युमिनियमचे दट्टे मिळाले; आणि १९५४ मध्येच ट्रकांसाठी २६१ घन इंचांचे मोठे भावंडही निघाले. जुनी गाडी बाळगणाऱ्याने २१६ वर रक्त आटवण्यापेक्षा भंगाराच्या वखारीतून असे नवे इंजिन आणून बसवावे, हा सर्वांत शहाणपणाचा बेत ठरला. अडचणी होत्या, पण मामुली: नव्या इंजिनाच्या पाण्याच्या पंपाची ठेवण बदलल्यामुळे जुन्या रेडिएटरशी पंखा जुळत नसे, आणि जुनाच पंप लावण्यासाठी मध्ये एक जोडपट्टी कापून घालावी लागे. कंपनीनेही १९५३ च्या कॉर्व्हेट गाडीसाठी याहून वेगळे काही केले नाही. तोच २३५ चा सांगाडा, त्यावर तीन कार्बुरेटर, तीव्र कॅमशाफ्ट आणि आठास एक असा दाब, आणि अश्वशक्ती दीडशे. गॅरेजातल्या पोरांचाच नुसखा कंपनीने आपल्या सहीशिक्क्याने विकला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

याहून धाडसी मंडळी जीएमसीच्या ट्रकांकडे वळली. युद्धकाळात अमेरिकन सैन्यासाठी जीएमसीचे अडीच टनी ट्रक पाच लाखांहून अधिक निघाले. त्यांच्यातील २७० घन इंचांचे इंजिन शेव्हरोलेच्या घराण्याशी नाते सांगणारे, पण पहिल्यापासूनच दाबाच्या तेलाचे आणि दणकट बेअरिंगांचे होते. युद्ध संपल्यावर सरकारी शिलकेतून ही इंजिने स्वस्त आणि मुबलक झाली, आणि ‘जिमी’ या लाडक्या नावाने ती शर्यतीच्या गाड्यांत, नौकांत व सुक्या तलावांच्या मैदानांवर धावू लागली. १९५२ मध्ये ४ इंच व्यासाचे आणि ४ इंच धावेचे ३०२ घन इंचांचे इंजिन आले तेव्हा तर व्ही-आठवाल्यांनाही त्याची दखल घ्यावी लागली. बिल फिशर याने ‘कॅलिफोर्निया बिल’ या नावाने काढलेली पुस्तिका याच मंडळींसाठी होती. कोणता भाग कोणत्या भागास बसतो हे लिहून ठेवलेले ते एक प्रकारचे दप्तरच होय.

आमच्याकडे याच इंजिनाचा हिशेब उलट दिशेने मांडला गेला. युद्धकाळात कॅनडात बनलेले शेव्हरोलेचे लष्करी ट्रक हिंदी सैन्यात मोठ्या संख्येने होते आणि त्यांत हेच २१६ होते. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, सुटे भाग येथेच बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी-कारखान्यांना मुभा उरली नाही, आणि १९५४ मध्ये शिवडीचे काम थांबले. भाग दुर्मिळ झाल्यावर मिस्त्रीपुढचा प्रश्न वेगाचा राहिला नाही. बोअर करून मोठे दट्टे घालावे की स्लीव्ह घालून मूळ मापावर यावे, क्रँक किती वेळा घासून घेता येईल, आणि एवढे करून इंजिन आणखी किती वर्षे ओढेल, हा त्याचा जमाखर्च होता. ज्यांना तोही परवडेना त्यांनी पर्किन्सचे डिझेल बसवले, आणि तेही योगायोगाने सहा सिलिंडरांचे पी-सहाच असे.

अमेरिकेत या बेताचा पाया १९५५ साली ढासळला. त्या वर्षी शेव्हरोलेने २६५ घन इंचांचे व्ही-आठ काढले, ते त्या जुन्या सहापेक्षा वजनालाही हलके, आणि त्या गाड्या जसजशा अपघातांतून भंगारवखारींत येऊ लागल्या, तसतसा जो हिशेब पूर्वी २६१ च्या बाजूने पडत असे तो व्ही-आठच्या बाजूने पडू लागला. यापुढे सहा बांधणारा उरला तो हौसेखातर, किंवा गाडीत सहाच होते म्हणून. त्यांच्यासाठी १९६२ पासून सात मुख्य बेअरिंगांची नवी पिढी आली: १९४, २३०, पुढे १९६६ मध्ये २५०, आणि ट्रकांसाठी १९६३ पासून लांब धावेचे २९२. खालचा भाग आता इतका भक्कम होता की त्यावर खर्च करण्याचे कारणच नसे. हेडमध्ये मात्र सहा सिलिंडरांना हवेच्या वाटा पुन्हा तीनच ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक वाटेच्या मधोमध हेडचा एक बोल्ट आरपार जात होता. म्हणून या इंजिनाचा बेत करणारा पहिला पैसा तेथेच घालतो: बोल्टाभोवतीचे लोखंड घासून काढतो, आणि वाटेच्या तळाशी आकार दिलेला धातूचा उंचवटा बसवून हवेला झडपेकडे वळवतो.