पीटर रॅबिटची बाहुली आणि मालकीचा कागद

दप्तर, डबा, पाण्याची बाटली, वाढदिवसाचा केक... मुलांच्या वस्तूवर हल्ली एखादं कार्टून असतंच. हा धंदा डिस्नेने सुरू केला असं बरेच जण धरून चालतात. पण मिकी माऊस यायच्या 25 वर्षं आधी लंडनमधल्या बीट्रिक्स पॉटर या बाईंनी हेच करून दाखवलं होतं.

1893 मध्ये त्यांनी ओळखीतल्या एका आजारी पाच वर्षांच्या मुलाला पत्र लिहिलं. त्यात एका खोडकर सशाची चित्रगोष्ट होती. पुढे पुस्तक काढायचं ठरवलं तर प्रकाशक तयार होईनात. मग 1901 मध्ये पदरचे पैसे घालून 250 प्रती छापल्या. 1902 मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत आवृत्ती काढली आणि ती धडाधड खपली.

आणि इथेच घोळ झाला. वॉर्नकडून अमेरिकेतली कॉपीराइट नोंदणी राहून गेली. 1904 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका प्रकाशकाने आपली आवृत्ती बिनधास्त बाजारात आणली. बाईंना त्यातून छदामही मिळाला नाही.

बाहुलीच्या बाबतीत मात्र त्या कोणावर विसंबल्या नाहीत. सशाची बाहुली स्वतः बेतली, स्वतः शिवली, मिशांसाठी ब्रशचे केस उपटून लावले. आणि 28 डिसेंबर 1903 रोजी पेटंट ऑफिसात तिचं डिझाइन नोंदवलं! पाठोपाठ पटावरचा खेळ आला, भिंतीवरचे कागद आले. सगळं सुरळीत झालं असं नाही हं. जर्मनीहून येणाऱ्या स्वस्त खेळण्यांपुढे इंग्लंडमधल्या कारखानदारांचा टिकाव लागत नव्हता. बाई एवढ्या वैतागल्या की 1910 मध्ये आयात कराच्या बाजूने स्वतः पोस्टर रंगवत बसल्या. पण पुस्तकांचं मानधन आणि थोडी वारशाची रक्कम मिळून 1905 मध्येच त्यांनी हिल टॉप नावाचं शेत घेतलं होतं. 1943 मध्ये वारल्या तेव्हा 4,000 एकरांहून जास्त जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन गेल्या.

आता कायद्याचं. डिझाइनची नोंदणी ठरावीक वर्षांपुरतीच. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ब्रिटनमध्ये 70 वर्षं, आपल्याकडे 60. ट्रेडमार्क मात्र दर 10 वर्षांनी फी भरली आणि वापर चालू ठेवला की संपतच नाही. म्हणून 2013 संपताना ब्रिटनमध्ये पीटरची गोष्ट सगळ्यांची झाली, पण खेळण्यावर ते नाव लावायचं तर आजही ट्रेडमार्कवाल्यांना विचारावं लागतं. पहिल्या मिकीपटाचा अमेरिकेतला कॉपीराइट 1 जानेवारी 2024 ला संपला, तिथेही हीच गंमत.

डिस्नेलाही हे ठेच लागूनच कळलं. 1928 मध्ये त्याचा ऑस्वाल्ड ससा हातचा गेला, कारण करारानुसार हक्क युनिव्हर्सलचे होते. त्यानंतर मिकी आला, आणि त्याचे हक्क त्याने हातातून सोडले नाहीत. ऑस्वाल्ड डिस्ने कंपनीत परतला थेट 2006 मध्ये, आणि तोही एका क्रीडा समालोचकाच्या बदल्यात!

आपल्याकडे 1997 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ‘नागराज’ विरुद्ध ‘नागेश’ असा कॉमिक्सचा खटला झाला. कोर्टाने नागराजवाल्यांच्या बाजूने मनाई हुकूम दिला. पण त्यांच्यामागे प्रकाशन संस्था उभी होती. एकटा चित्रकार बहुतेकदा एकरकमी मानधन घेतो आणि ‘सर्व हक्क’ लिहिलेल्या कागदावर न वाचताच सही करतो. पुढे त्याचं पात्र दप्तरावर झळकलं तरी त्याच्या हाती काही येत नाही.

नोंदणी वर्गवार होते: दप्तरं 18, पुस्तकं-वह्या 16, कपडे 25, खेळणी 28, करमणुकीचे कार्यक्रम 41. एका वर्गात नोंदवलं म्हणजे बाकीचे आपोआप आले असं नाही. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी दर वर्गाला 4,500 रुपये फी आहे. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय आपल्या मुंबईतच, अँटॉप हिलला आहे.