गिरणीची धूळ आणि धाटावचा वास

आपल्या पेण-रोहा भागातल्या घराघरांतून एक-दोन पिढ्यांमागे कोणी ना कोणी मुंबईच्या गिरणीत होताच. म्हातारपणी खोकल्याची ढास लागली की घरचे म्हणायचे, बिडीने झालं. बिडीने होतही असेल. पण त्या खोकल्याला दुसरेही एक कारण होते आणि त्याला नाव मिळायला फार वर्षे लागली.

अस्पृश्यांना गिरणीच्या विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ होतो, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. विणाईत पगार जास्त. आपली माणसे राहिली सूतकताईच्या रिंग खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. खरे म्हणजे धागा तोंडाने ओढणे सगळ्यांच्याच प्रकृतीला वाईट. पण चर्चा झाली ती विटाळाची!

कापसाच्या धुळीने होणाऱ्या दम्यासारख्या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती आवळते. मग रोजच आवळू लागते. शेवटी घरी बसले तरी दम लागतो. सुरुवातीलाच धुळीतून बाहेर काढले तर माणूस सावरतो, उशीर झाला तर नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांत या रोगाचा अभ्यास केला. कामगाराच्या हातावर गूळ ठेवण्याची पद्धत पुष्कळ कारखान्यांत होती. गूळ खावा, पण त्याने धूळ छातीत जायची थांबत नाही. ती यंत्राजवळच ओढून घ्यावी लागते.

कायद्यानेही हळूहळूच ऐकले. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात अपघाताबरोबर शिसे, फॉस्फरस यांच्या विषबाधेसारखे थोडेच आजार होते. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला (१९४४). त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा आला. १९४६ मध्ये कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. सहा तास कमी म्हणजे सहा तासांची धूळ कमी. १९४८ च्या कारखाने कायद्याने आजारांची यादी केली, आणि त्यातला आजार आढळला तर डॉक्टरने कारखाने निरीक्षकाच्या कार्यालयाला कळवावे असे बंधन घातले. बिसिनोसिस त्या यादीत नंतर आला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणीतली किती तरी माणसे गावी परतली. इकडे रोह्याजवळ धाटावला रासायनिक कारखाने होते. कापसाची धूळ डोळ्यांना दिसायची, रसायनाची वाफ दिसतही नाही. नाकाला सवय झाली की वासही येईनासा होतो, आणि तेच धोक्याचे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ घडले. त्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने धोक्याच्या कारखान्यातल्या कामगाराला आपण काय हाताळतो हे विचारण्याचा आणि स्वतःच्या तपासणीचे कागद पाहण्याचा हक्क मिळाला. किती जणांनी विचारले? कंत्राटी माणूस उद्याच्या हजेरीच्या भीतीने गप्पच बसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या संहितेने घेतली. डॉक्टरने आजार कळवण्याचे बंधन तिच्यातही आहे. पण डॉक्टरला कळणार कसे? दवाखान्यात गेल्यावर ‘कंपनीत जातो’ एवढेच सांगू नये. कुठल्या खात्यात, कुठल्या पिंपाजवळ, सुट्टीत बरे वाटते का, हेही सांगावे. कामाचे कपडे मुलांच्या कपड्यांत धुऊ नयेत.

पेणचे काय? तिथे गणपतीचे कारखाने. हमरापूर-जोहे भागात बायामाणसे प्लास्टरची मूर्ती घासतात, बंद शेडमध्ये रंगाची फवारणी चालते. आपण त्यांना कारखाने म्हणतो, कायदा म्हणत नाही. पूर्वी वीज वापरत असल्यास १० आणि नसल्यास २० कामगार लागत, आता २० आणि ४० लागतात. त्यामुळे लहान शेडमध्ये निरीक्षक येत नाही. तिथे मूर्ती ओली करून घासणे, फवारा उघड्यावर वाऱ्याकडे पाठ करून मारणे आणि नाकातोंडावर रुमालाऐवजी नीट बसणारा मास्क लावणे, एवढे तर मालक-कामगारांनीच ठरवायचे आहे.