वेणीतली नदी

१७७०च्या दशकात पॅरिसमधल्या उमराव स्त्रिया डोक्यावर बागा मिरवत. लोकर, तारा आणि खोटे केस यांचा हातभर डोलारा उभारून त्यावर फुले, फळे, पाखरे मांडत. १७७८ मध्ये 'बेल पूल' या फ्रेंच जहाजाने इंग्रजांशी झुंज दिली, तेव्हा तेही शिडांसकट केसांच्या लाटांवर चढले! त्याच काळात आपल्या माळव्याचा कारभार अहिल्याबाई महेश्वराहून पाहत होत्या. इकडच्या मराठी घरांत असला देखावा नव्हता. सृष्टी मात्र केसांत होती, ती नावांच्या रूपाने.

खोपा म्हणजे मानेवर बांधलेले केस आणि सुगरणीचे घरटेही. अंबाड्यावर सोन्याचा केवडा, चंद्र, सूर्य; पाठीवरच्या वेणीला नागगोंडे. शेजारच्या माळवी बायकांच्या भांगात बोर, म्हणजे बोराच्याच आकाराचा दागिना. सागरवेणी तर आजच्या मुलीही घालतात, सागर कुठला ते न विचारता.

पण सर्वांत खोल शब्द वेणी हाच. केसांची ती वेणी, फुलांची ती वेणी आणि नद्या मिळतात तीही वेणी. तिपेडी वेणी घालताना दोन पेड वर दिसतात, तिसरा खाली दडतो. गंगा, यमुना आणि गुप्त सरस्वती यांची त्रिवेणी अशीच नाही का? प्रयागला जाणारी मराठी जोडपी वेणीदान करतात. पत्नीच्या वेणीचे टोक पतीच्या हातून कापून संगमात सोडतात. नदीच्या वेणीला केसांची वेणी.

हा मान मात्र सुवासिनीचाच. नवरा गेला की फुले, केवडा, खोपा सारेच संपे. अनेक घरांत तर केसही उरत नसत. या सक्तीच्या केशवपनाविरुद्ध १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक समाज उभा राहिला. आपल्या अहिल्याबाईही १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडल्यावर विधवा झाल्या. त्यांच्या प्रचलित चित्रांत डोईवर पांढरा पदर आहे, केशरचना दिसत नाही. नर्मदेपासून गंगेपर्यंत घाट बांधणाऱ्या बाईंना वेणीदानाचा अधिकार नव्हता, हे मनाला लागते.

जुनी इंदूरही नद्यांच्याच कुशीत वसली. खान आणि सरस्वती यांची वेणी आपल्या गावातच आहे. प्रयागची सरस्वती गुप्त. आपली डोळ्यांदेखत वाहत होती, तिला आपण नाला केले. खड्याच्या गौरी पाणवठ्यावरून आणायची ज्या घरांत रीत आहे, त्यांनी खडे आता कुठल्या काठावरून उचलावेत? गौरीच्या मुखवट्यामागे गंगावन आपण अजून हौसेने लावतो, त्यावर शेवंतीची वेणीही माळतो. फुले बाजारात मिळतात.