चौदा जानेवारी : दोन दरवाजे

चौदा जानेवारीला घरोघर तीळगूळ वाटला जातो. त्या सकाळी मी छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे आमच्या जुन्या औरंगाबादेतील, विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराकडे जातो. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे कमानीपुढे नतमस्तक होत असतात. इतिहासाचा शिक्षक म्हणून त्या गर्दीत मला प्रश्न पडतो : एखादी तारीख नेमकी कुणाची असते?

शाळेत ही तारीख आम्हांला १७६१ च्या पानिपतासाठी पाठ करावी लागे. तो पराभव भाषेत इतका रुजला की 'पानिपत होणे' हा वाक्प्रचारच झाला. परंतु याच तारखेची आणखी एक घटना आपल्या चळवळीने ध्यानी ठेवावी अशी आहे. १४ जानेवारी १९६३ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्याचा गव्हर्नर म्हणून जॉर्ज वॉलेस याने शपथ घेतली आणि वर्णविभाजन आज, उद्या आणि सदैव राहील, अशी घोषणा केली. त्याच वर्षी ११ जूनला व्हिव्हियन मेलोन व जेम्स हूड हे दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी अलाबामा विद्यापीठात प्रवेश घ्यायला आले, तेव्हा हा गव्हर्नर स्वतः दारात आडवा उभा राहिला. केंद्र सरकारने राज्याचे नॅशनल गार्ड आपल्या ताब्यात घेतले आणि त्याच दिवशी त्याला बाजूला व्हावे लागले.

आमच्या दारात मात्र एकच माणूस आडवा नव्हता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. १९७९ साली नागपूरहून लाँग मार्च निघाला. नोव्हेंबर १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडला आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ ला नाव आले, तेही 'मराठवाडा' हा शब्द कायम ठेवून. मागणी नामांतराची होती. पदरात पडला तो नामविस्तार.

तिकडे प्रश्न प्रवेशाचा होता, इकडे नावाचा. हा फरक मला मान्य आहे. पण बाबासाहेबांनी १९५० सालीच येथे महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. विद्यापीठ आले ते १९५८ मध्ये. म्हणजे ज्यांनी या प्रदेशाला उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले, त्यांचेच नाव दारावर नको होते! शिकायला या, पण मालकी सांगू नका, असाच या विरोधाचा अर्थ होता.

दोन तारखा जुळल्या हा निव्वळ योगायोग. पंचांगाला न्यायबुद्धी नसते. वॉलेसने उतारवयात आपल्या भूमिकेबद्दल माफी मागितली. जळालेल्या वस्त्यांच्या बाबतीत हा हिशेब आपल्या गावांत अजून बाकी आहे.

माझ्या वर्गातली मुले १९९४ नंतर जन्मलेली. हे नाव पहिल्यापासूनच तेथे होते, असे त्यांना वाटते. त्यांना मी सांगतो : तीळगूळ जरूर घ्या, पण गोड बोलण्याआधी ठरावाचा तो २७ जुलै आणि हा १४ जानेवारी यांच्यामधली साडेपंधरा वर्षे एकदा मोजा.