ओळख, शब्द आणि मत : दाभोळच्या खाडीवरून राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकांकडे

भारताच्या राष्ट्रपतीच्या निवडणुकीत दाभोळच्या मतदाराला स्वतःचे मत नसते. त्याच्या वतीने दापोलीचा आमदार आणि लोकसभेतील त्याचा खासदार मत देतो, आणि त्या मताला किती वजन असावे हेही राज्यघटनेच्या ५५ व्या अनुच्छेदातील सूत्राने ठरते. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या संख्येने भागून आलेला आकडा पुन्हा हजाराने भागला की एका आमदाराच्या मताचे मूल्य निघते. यासाठी १९७१ ची जनगणना गोठवून ठेवलेली असल्याने महाराष्ट्राची त्या वेळची ५,०४,१२,२३५ ही लोकसंख्या आणि २८८ आमदार यांवरून हे मूल्य १७५ इतके येते. हे मतदान गुप्त असते आणि त्याला पक्षादेश, म्हणजे पक्षाने आपल्या सदस्यांवर बजावलेला बंधनकारक हुकूम, लागू होत नाही. कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या या जागेत उमेदवाराची जात, प्रांत, तो पुरुष आहे की स्त्री, आणि त्याच्या पाठीशी कोणत्या मोठ्या माणसाने शब्द टाकला आहे, या गोष्टी शिरतात. दाभोळच्या बाबतीत या गोष्टींचा इतिहास मतपेटीपेक्षा कितीतरी जुना आहे.

वाशिष्ठी नदीच्या मुखावरचे दाभोळ हे बहमनी काळात दख्खनचे पश्चिमेकडील मोठे दार होते. अरबस्तान व इराणहून येणारे घोडे, व्यापारी, विद्वान आणि नशीब काढायला निघालेले सरदार याच बंदरात उतरत. इराणच्या गिलान प्रांतातील महमूद गावान हा व्यापारी १४५३ च्या सुमारास येथेच उतरला आणि पुढे बिदरच्या दरबारात वजीर झाला. त्या दरबारात दोन तट होते. समुद्रापलीकडून आलेले इराणी, तुर्क व अरब यांना ‘आफाकी’ म्हणत, तर दख्खनमध्ये रुजलेले मुसलमान, त्यांच्यात मिसळलेले धर्मांतरित आणि आफ्रिकेतून आलेले हबशी यांचा तट ‘दख्खनी’ म्हणून ओळखला जाई. हबशीही परदेशातूनच आलेले असताना ते दख्खन्यांच्या बाजूला गेले, याचा अर्थ असा की वंश व रंग यांवरून तट आपोआप पडत नव्हते. कोणाला आपला म्हणायचे हे दरबारातील हितसंबंध ठरवीत आणि मग त्या हितसंबंधांना वंशाचे नाव दिले जाई.

गावानच्या उत्कर्षात एका स्त्रीचा मोठा वाटा होता आणि तो पुरेशा ठळकपणे सांगितला जात नाही. बहमनी सुलतान हुमायूनशहा १४६१ मध्ये मरण पावल्यावर गादीवर लहान मुलगा बसला, आणि कारभार राजमाता, ख्वाजा जहान तुर्क व महमूद गावान या तिघांच्या मंडळाकडे गेला. मखदूमा-ए-जहान या किताबाने ओळखली जाणारी ही राजमाता पडद्याआडून नाममात्र संमती देणारी नव्हती. ओडिशा आणि माळवा या दोन्ही बाजूंनी आक्रमण होत असताना राज्य तिने सांभाळले, आणि ख्वाजा जहान डोईजड होतो आहे असे दिसताच १४६६ मध्ये त्याचा काटा काढण्यात तिनेच पुढाकार घेतला. त्यानंतर वजिरी गावानकडे आली. परदेशी माणसाला राज्यातील सर्वोच्च पद मिळण्यामागे राजमातेचा विश्वास होता, आणि त्या काळी तोच त्याचा मतदारसंघ होता असे म्हणता येते.

पडतानाही त्याच्या परकेपणाचाच वापर झाला. सुभेदाऱ्या देताना गावानने आफाकी व दख्खनी यांच्यात तोल राखण्याचा प्रयत्न केला होता. तरीही सुभ्यांचे क्षेत्र कमी केल्याने दुखावलेल्या दख्खनी सरदारांनी मलिक हसनच्या नेतृत्वाखाली कट रचला. गावानची मोहोर सांभाळणाऱ्या नोकराला वश करून कोऱ्या कागदावर ती उठवून घेण्यात आली आणि त्या कागदावर ओडिशाच्या राजाला चढाईचे निमंत्रण देणारा मजकूर लिहिला गेला. सुलतानाने विचारले तेव्हा वृद्ध वजिराने मोहोर आपली आहे, पण मजकूर आपला नाही, असे उत्तर दिले, आणि ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. एका नावाचे वजन उचलून भलत्याच मजकुरापुढे ठेवले की काय होते, याचे इतके उघड उदाहरण दख्खनच्या इतिहासात विरळा आहे. आणि हा मजकूर सुलतानाला खरा वाटला तो गावान बाहेरचा असल्यामुळे, हेही विसरता येत नाही.

शतकांनंतर मतपेटी या किनाऱ्यावर आली ती मिळकतीच्या अटीसह. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मतदानाचा हक्क थोड्यांनाच होता आणि दापोली परिसरातील गावांवर खोतांची, म्हणजे सरकार व कुळे यांच्यामध्ये बसून सारा वसूल करणाऱ्या वतनदारांची, पकड होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे शेजारच्या मंडणगड तालुक्यातले, आणि त्यांच्या बालपणाची काही वर्षे दापोलीत गेलेली. पण त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने रत्नागिरी जिल्ह्यात जो पाठिंबा मिळवला तो जातीच्या किंवा गावकीच्या नात्यावर नव्हे. आंबेडकरांचे सवर्ण सहकारी अनंत चित्रे आणि श्यामराव परुळेकर हे या जिल्ह्यातून त्या पक्षातर्फे निवडून आले. महार आणि कुणबी ही कुळे एका खोताखाली भरडली जात होती, म्हणून आंबेडकरांनी टाकलेला शब्द जातीची रेषा ओलांडून गेला. सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खोती कायद्याने गेली ती मात्र १९४९ मध्ये.

स्त्रियांच्या मताचा विचार कोकणात वेगळा करावा लागतो, कारण येथील पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घरकामाला गेले. त्यांना चाकरमानी म्हणतात. गावात राहिल्या त्या लावणी, कापणी, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळणाऱ्या बायका. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. गावातल्या मतदानकेंद्रापुढची रांग प्रामुख्याने बायकांची असते आणि उमेदवार मात्र बहुतेक पुरुष असतात. कोणाला मत द्यायचे हे मुंबईहून येणाऱ्या पत्रावर, पुढे फोनवर, ठरते असे सहज बोलले जाते; पण वेलदूरच्या कोळी स्त्रियांनी जे केले ते या समजुतीत बसत नाही. दाभोळ वीज प्रकल्प नावाने दाभोळचा असला तरी तो उभा राहिला खाडीपलीकडे गुहागर तालुक्यात अंजनवेल–वेलदूरच्या बाजूला. मासेमारीवर गदा येईल या भीतीने त्याच्या विरोधात स्त्रिया पुढे आल्या आणि ३ जून १९९७ रोजी पहाटे पोलिसांनी वेलदूरमध्ये घरांत शिरून त्यांना मारहाण करीत अटक केल्याचे ॲम्नेस्टी इंटरनॅशनल व ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनांनी नोंदवले.

त्याच वर्षीच्या जुलैत राष्ट्रपतिपदाची निवडणूक होती. काँग्रेस, संयुक्त आघाडी आणि भारतीय जनता पक्ष यांनी के. आर. नारायणन यांच्या नावावर एकमत केले होते, आणि दलित समाजातील व्यक्ती प्रथमच त्या पदावर जाणार होती. महाराष्ट्रात सत्तेचे नेतृत्व करणाऱ्या शिवसेनेने मात्र टी. एन. शेषन यांना पाठिंबा दिला. मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून आचारसंहितेचा बडगा उगारल्यामुळे शेषन घरोघरी माहीत झालेले होते. कोणत्याही पक्षात न वाढता केवळ प्रसिद्धीच्या बळावर उमेदवार झालेला असा दुसरा माणूस या पदाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. मतदान १४ जुलैला झाले. त्याच्या तीन दिवस आधी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगर या दलित वस्तीत पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले होते. दापोलीचे आमदार सूर्यकांत दळवी शिवसेनेचे, खासदार अनंत गीतेही शिवसेनेचे. दाभोळच्या दलित वस्तीतील मतदाराला या निवडीत काय वाटत होते, हे विचारण्याची सोयच त्या पद्धतीत नव्हती. शेषन यांना सुमारे ५० हजार आणि नारायणन यांना साडेनऊ लाखांहून अधिक मतमूल्य मिळाले.

दहा वर्षांनी, २००७ मध्ये, ओळखीचे राजकारण सर्वांत स्पष्टपणे समोर आले. काँग्रेसप्रणीत आघाडीने १४ जूनला प्रतिभा पाटील यांचे नाव जाहीर केले. त्या जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या. १९६२ मध्ये विधानसभेत गेलेल्या, दीर्घ काळ राज्यात मंत्री राहिलेल्या, पुढे राज्यसभेच्या उपसभापती, अमरावतीच्या खासदार आणि त्या वेळी राजस्थानच्या राज्यपाल होत्या. प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावत हे उपराष्ट्रपती आणि राजस्थानचे माजी मुख्यमंत्री. प्रतिभाताईंचे पती अमरावतीचे देवीसिंह शेखावत. त्या घराण्याचे मूळ राजस्थानातील सीकर जिल्ह्यात आणि भैरोसिंहही त्याच जिल्ह्यातले. म्हणजे एकाच उमेदवाराला स्त्री, मराठी, खानदेशची लेक, विदर्भाची सून, राजस्थानची सून आणि काँग्रेसनिष्ठ अशा अनेक बाजूंनी पाहता येत होते, आणि ज्याला जी बाजू उपयोगी पडली त्याने ती उचलली. काँग्रेसने पहिली महिला राष्ट्रपती या बाजूवर भर दिला. राजस्थानातील काहींना सून आठवली. शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत असूनही तिचे प्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी मित्रपक्ष भाजपने पाठिंबा दिलेले शेखावत यांना बाजूला ठेवून प्रतिभाताईंना पाठिंबा जाहीर केला, तो मराठी माणूस देशाच्या सर्वोच्च पदावर बसणार या एकाच मुद्द्यावर.

या पाठिंब्याचा परिणाम दाभोळच्या खाडीवर नकाशासारखा उमटला. दाभोळच्या काठावर दळवी व गीते, म्हणजे शिवसेना. फेरीबोटीने पलीकडे धोपाव्याला उतरले की गुहागर मतदारसंघ, आणि तेथील आमदार डॉ. विनय नातू भाजपचे. राज्याच्या व केंद्राच्या निवडणुकांत युतीची एकत्र मते मागणारे हे दोन काठ त्या जुलैत पक्षांच्या भूमिकेनुसार दोन वेगळ्या उमेदवारांकडे गेले. १९ जुलैला मतदान होऊन प्रतिभाताईंना ६,३८,११६ आणि शेखावतांना ३,३१,३०६ इतके मतमूल्य मिळाले. शिवसेनेच्या मतांशिवायही त्या निवडून आल्या असत्या. त्यामुळे त्या पाठिंब्याचे खरे मोल दिल्लीतल्या बेरजेपेक्षा कोकणातल्या मतदाराला मिळालेल्या संकेतात होते. मराठीपणाचा अभिमान हा पक्षाच्या मैत्रीहून मोठा आहे, हा तो संकेत. त्यात प्रतिभाताईंचे स्त्री असणे दुय्यम ठरले, आणि वेलदूरच्या घटनेला उणीपुरी दहा वर्षे झालेल्या या किनाऱ्यावर ते दुय्यम ठरावे, हे खेदाचेच म्हटले पाहिजे.

त्याच २००७ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय निवेदिका ओप्रा विन्फ्रे यांनी बराक ओबामा यांना पाठिंबा दिला. पुढे दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्यांच्या मासिकाच्या खपाचे आणि पक्षांतर्गत निवडणुकीतील मतांचे आकडे जिल्हावार ताडून पाहिले आणि या पाठिंब्याने सुमारे दहा लाख मते वाढली असावीत असा अंदाज मांडला. तेथे प्रसिद्ध व्यक्तीचा शब्द थेट मतदारापर्यंत जातो. तरीही तो हमखास चालतो असे नाही, हे गायिका टेलर स्विफ्ट यांनी २०२४ मध्ये पाठिंबा देऊनही कमला हॅरिस हरल्या यावरून दिसते. भारताच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तो शब्द आमदारांच्या मार्गे जातो, त्यामुळे चित्रपटातील किंवा क्रिकेटमधील नावापेक्षा पक्षप्रमुखाचे नाव वजनदार ठरते. आमदार त्या नावाच्या सावलीत निवडून आलेला असतो, आणि मतदान गुप्त असले तरी ते ऋण त्याला माहीत असते.

पक्षप्रमुख कोणती ओळख कधी उचलतो, हेही काळानुसार बदलते. २०१२ मध्ये भाजपने पाठिंबा दिलेले पी. ए. संगमा हे मेघालयातील आदिवासी नेते होते. शिवसेनेने प्रणव मुखर्जी यांना मत दिले आणि आदिवासी असण्याचा मुद्दा तिच्या लेखी निर्णायक ठरला नाही. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू उमेदवार झाल्या तेव्हा शिवसेना नुकतीच फुटली होती. आपल्या पक्षातील आदिवासी कार्यकर्त्यांच्या आग्रहाचे कारण देत उद्धव ठाकरे यांनी मुर्मू यांना पाठिंबा दिला आणि एकनाथ शिंदे यांचा गटही भाजपबरोबर असल्याने त्यांच्याच बाजूला होता. दापोलीचे आमदार योगेश कदम शिंदे गटात आणि गुहागरचे भास्कर जाधव ठाकरे गटात; एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन काठ या एका प्रश्नावर एकाच उमेदवाराकडे वळले, तर खासदार सुनील तटकरे यांचा राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष यशवंत सिन्हा यांच्या बाजूला राहिला. एका आदिवासी स्त्रीला हा पाठिंबा मिळाला याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण तो मिळाला तेव्हा दोन्ही गटांना आपापली माणसे टिकवायची होती, हे त्याचे दुसरे कारणही नोंदवले पाहिजे.

२००७ आणि २०२२ या दोन निवडणुकांच्या दरम्यान दाभोळच्या मताचे वजनही बदलले होते. २००७ मध्ये खेड, दापोली, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी आणि राजापूर असे सात आमदार रत्नागिरी जिल्ह्यातून जात, म्हणजे जिल्ह्याचे मतमूल्य १,२२५ होते. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत खेड व संगमेश्वर हे मतदारसंघ संपले, आमदार पाचच उरले आणि हे मूल्य ८७५ वर आले. दाभोळ लोकसभेसाठी रायगड मतदारसंघात गेले. लोकसंख्या वाढली ती मुंबईभोवतीच्या जिल्ह्यांत, ठाण्यासारख्या ठिकाणी, जेथे कोकणातून उठलेले चाकरमानी आता मतदार आहेत. १९७१ च्या आकड्यांचे गोठवणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच आहे आणि त्यानंतरच्या पुनर्रचनेत दापोली व गुहागर या दोन काठांच्या वाट्याला किती आमदार येतील, हे त्या जनगणनेच्या दिवशी गावात किती माणसे मोजली जातात यावर ठरणार आहे.